चंद्रपूर ते चंद्र, मार्गे सिंदेवाही

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. कोणी ज्ञानेश्वरीचं पारायण सांगतं, कोणी पहाटेचं फिरणं सांगतं, कोणी होमिओपॅथी सांगतं. पण निवृत्तीनंतर मंगळावर झाडं लावावीत, असं मला कोणीही सुचवलं नव्हतं. ते सुचवलं माझ्या बारा वर्षांच्या नातवाने. आणि सुचवलं म्हणजे काय, लावायलाच लावली!

गोष्ट २०२२ सालच्या गुढीपाडव्याची. चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब सिंदेवाहीला आले होते. पुण्याची माणसं आमच्याकडे यायची म्हणजे रजेपेक्षा प्रवासच जास्त होतो. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे आल्याच्या आनंदात ते दमल्याचं दुःख नेहमी मिसळलेलं असतं. तर सामानात एक चौकोनी पेटी होती. ती इतकी जड की सौ.ला वाटलं, सुनेने मिक्सर आणला. तिने पेटी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलीसुद्धा. नातवाने ती जवळजवळ हिसकावून परत आणली. "आजी, त्यात मंगळ आहे!" तो ओरडला.

मंगळाशी आमच्या घराण्याचा संबंध तोपर्यंत फक्त पत्रिकेपुरता होता. माझ्या धाकट्या बहिणीला मंगळ होता, आणि त्यापायी वडिलांनी चांदा ते वर्धा एवढ्या पट्ट्यातल्या झाडून साऱ्या वधूपित्यांपेक्षा जास्त चपला झिजवल्या होत्या. पुढे २०१४ साली आपलं मंगळयान तिथे पोहोचलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, चला, आता कोणीतरी त्याच्याशी समोरासमोर बोललं!

पेटीतल्या खेळाचं नाव 'टेराफॉर्मिंग मार्स'. याकोब फ्रिक्सेलियस नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी तो रचला आणि २०१६ साली तो बाजारात आला. आता तुम्ही म्हणाल, असेल आपल्या 'नवा व्यापार'सारखा. मीही तसंच समजलो आणि फसलो. 'नवा व्यापार'मध्ये फार तर एखादा भाग विकत घेऊन घरं बांधायची असतात. इथे अख्खा मंगळ माणसाला राहण्याजोगा करायचा! हवेतला प्राणवायू शून्यावरून चौदा टक्क्यांवर न्यायचा, नऊ ठिकाणी समुद्र आणायचा आणि तपमान उणे तीसवरून अधिक आठ अंशांवर चढवायचं.

नातू हे सारं नियमांच्या पुस्तकातून वाचून दाखवत होता. पाऊण तास झाला तरी पुस्तक संपेना. मी नोकरीत असताना शासकीय परिपत्रकं वाचताना जसा चेहरा करत असे, तसाच केला. म्हणजे समजल्यासारखा.

"आठ अंश?" मी शेवटी विचारलं. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप? आपल्या चंद्रपूरचा मे महिना नेऊन सोडा तिथे. सत्तेचाळीस अंश. एका दुपारीत काम होईल."

"आणि समुद्र आणताहेत म्हणे!" सौ. पुरणपोळ्या लाटता लाटता म्हणाली. "इथे नळाला चार दिवस पाणी नाही. तो नऊतला एक समुद्र आधी आपल्या टाकीत सोडा म्हणावं."

सुनेने हसू दाबलं. चिरंजीव मात्र हसले नाहीत, कारण ते तिथे नव्हतेच. ते अंगणात फोनवर होते. पाडव्याच्या दिवशीही त्यांची कुठलीशी मीटिंग चालू होती. नातवाने दोनदा विचारलं, "बाबा, खेळता?" दोन्ही वेळा चिरंजीवांनी फोनवर हात ठेवून एकच शब्द उच्चारला, "नंतर."

तो शब्द मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण पुरणपोळी समोर आली आणि मी तो विषय सोडून दिला.

जेवणं आटोपल्यावर मंगळ सतरंजीवर पसरला. आता एक कबुली देतो. माझी सारी हयात कारकुनीत गेली, आणि त्यातली निम्मी वाघाने मारलेल्या गाईगुरांच्या नुकसानभरपाईच्या फायलींत गेली. ताडोब्याच्या भोवतालच्या आमच्या मुलखात ही प्रकरणं शिंगाड्याच्या वेलासारखी वाढतात. अर्ज, पंचनामा, जबाब, शेरा, पुन्हा अर्ज. प्रत्यक्ष वाघ मी आयुष्यात तीनदा पाहिला असेन, पण त्याची सही सोडून बाकी सगळं माझ्या फायलीत होतं. तेव्हा नातवाने वाटलेल्या पत्त्यांत मला 'हिंस्र प्राणी' नावाचा पत्ता आला, तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं भरून आलं.

मी मुकाट्याने झाडं लावत राहिलो. हिरवाईचं एक घर लावलं की प्राणवायू एक टक्का वाढतो. नऊ टक्के झाल्यावर नातवाने 'पशुधन' हा पत्ता टाकला आणि त्यावर एकेक जनावर वाढवायला लागला. मी अकरा टक्क्यांची वाट पाहत दबा धरून बसलो. अकरा होताच माझा हिंस्र प्राणी उतरवला आणि त्याच्या गोठ्यातलं एक जनावर उचलून आणलं.

"आजोबा! हे चीटिंग आहे!"

"चीटिंग नाही, नियम आहे. रीतसर अर्ज कर. पंचनामा होईल, मग भरपाईचं बघू."

तो लगेच पुस्तकात शिरला आणि विजयी मुद्रेने बाहेर आला. 'पाळीव प्राणी' नावाचा आणखी एक पत्ता आहे, आणि त्यावरचं जनावर कोणालाही उचलता येत नाही! मी मनात स्वीडनला नमस्कार केला. हा नियम आमच्याकडच्या वाघांना वाचता आला असता, तर माझी निम्मी नोकरीच वाचली असती.

पण अवकाशाचे खेळ म्हणजे परदेशी खूळ आहे, असं समजू नका. आपली सापशिडी मुळात मोक्षपट. परंपरा तिचं नाव थेट ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि खाली पृथ्वीवरून निघून पोहोचायचं कुठे, तर वर वैकुंठात! यापेक्षा लांबचा अवकाशप्रवास स्वीडनलाही सुचलेला नाही. पुढे साहेब तो पट विलायतेला घेऊन गेला, मोक्ष तिथल्या हवेत विरला, आणि आपल्याकडे परत आले ते नुसते साप.

आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही एक असा खेळ रचलेला आहे. साल १९६९. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आम्ही चंद्रपुरात जटपुरा दरवाजाजवळ राहत होतो. चांद्याचं चंद्रपूर होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुलैत माणूस चंद्रावर उतरला, ती बातमी रेडिओवर ऐकली, आणि माझी ठाम समजूत झाली की या प्रकरणात आमच्या गावाचा काहीतरी मानाचा वाटा असणार. नावातच चंद्र आहे म्हटल्यावर!

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शंभर घरं आखली. पहिलं घर चंद्रपूर, शंभरावं घर चंद्र. अंतर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटर, म्हणजे एका घराला तीन हजार आठशे चव्वेचाळीस. त्या हिशेबाने चंद्रपूरहून मुंबई जेमतेम पाव घर! मुंबईच्या माणसांचा रुबाब त्या दिवसापासून माझ्या मनातून जो उतरला तो उतरलाच. शिड्यांच्या जागी अग्निबाण काढले. सापांच्या जागी संकटं लिहिली: 'प्राणवायू संपला', 'उल्का आदळली', 'गणितात नापास'. आणि सगळ्यांत मोठं संकट अठ्ठ्याण्णवाव्या घरात. तिथे लिहिलं होतं, 'वडील आले'. तिथे पडलं की थेट पहिल्या घरात, चंद्रपूरला परत.

एका संध्याकाळी वडील खरंच आले. त्यांनी पट उचलला, चष्मा वर करून सगळा वाचला. अठ्ठ्याण्णवावं घरही वाचलं. माझा प्राणवायू संपला. "चंद्राला निघालास, आणि तेराचा पाढा येत नाही," ते म्हणाले. मग टोपी काढून खाली बसले आणि चिंचोके हातात घेतले. माझ्याशी मार्कांपलीकडे कधी बोलले नव्हते ते गृहस्थ तासभर खेळले. शेवटी चंद्राच्या तोंडाशी येऊन नेमके अठ्ठ्याण्णवावर पडले. एक शब्द न बोलता त्यांनी आपली सोंगटी उचलली आणि चंद्रपूरला परत आणून ठेवली. माझ्या लहानपणात मी त्यांना एवढं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

हे सगळं नातवाला सांगत असताना संध्याकाळचे पावणेआठ झाले होते. इतक्यात अंगणातून चिरंजीवांची हाक आली, "बाबा! बाहेर या! लवकर!"

आम्ही मंगळ तसाच टाकून धावलो. आकाशात जळत्या निखाऱ्यांची एक रांग चालली होती. उल्का कशी, दिसली न दिसली तोच जाते. ही संथपणे, वरातीच्या बत्त्यांसारखी ओळीने सरकत होती. सारी आळी रस्त्यावर आली. कोणी विमान म्हणालं, कोणी धूमकेतू म्हणालं. एका म्हातारीने हात जोडले.

मला १९७९ आठवलं. तेव्हा मी सिरोंच्याला होतो. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची स्कायलॅब पडणार, कुठे पडणार ते सांगता येत नाही, असं रेडिओ सांगत होता. आमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी, मरायचंच आहे तर उपाशी का मरा, म्हणून पाळलेल्या सगळ्या कोंबड्या आठवड्याभरात संपवल्या. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली. गृहस्थ वाचले, पण त्यांच्या पत्नीने कोंबड्यांचा हिशेब पुढे कित्येक वर्षं मागितला.

आमच्या तालुक्यात मात्र ती रात्र नुसत्या रोषणाईवर भागली नाही. लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं आभाळातून पडलं, दोन-तीन मीटर व्यासाचं. पवनपारला एक गोळा सापडला. पुढच्या दिवसांत आणखी काही गोळे मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा, असा जाणकारांचा अंदाज. माणसाला कुठे खरचटलंही नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी कडं पोलीस ठाण्यात आणलं. आम्हीही तिघे पाहायला गेलो. अवकाशातून आलेली वस्तू पाहून लोक भारावून जातील असं मला वाटलं होतं. पण आमची माणसं व्यवहारी. एक शेतकरी कड्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "का जी, माह्या विहिरीच्या तोंडाले बराबर बसते हे." शेजारचे गुरुजी म्हणाले, स्कायलॅबचे तुकडे पडले तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एस्पेरन्स गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड केला होता. आपणही चीनला नोटीस काढू. फक्त टपालखर्च कोणी करायचा, यावर घोडं अडलं.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, ही तुमच्या पटातली 'उल्का आदळली' आहे. आता आपण कितव्या घरात जायचं?"

त्याच्या बाबांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तो पट अजून आहे?" त्यांनी विचारलं.

मी दचकलो. त्यांनी तो पट एकदाच पाहिला होता. १९९६ साली, बारा वर्षांचे असताना, ट्रंकेत सापडला म्हणून नाचत माझ्याकडे घेऊन आले होते. "बाबा, खेळता?" माझ्यापुढे मेलेल्या गाईगुरांचा ढीग होता. मी मान वर न करता म्हणालो होतो, "उद्या." आणि तो उद्या उजाडायला पुढे सव्वीस वर्षं लागली.

रात्री ट्रंक उघडली. पट होता. कसरीने मात्र नेमका चंद्रच खाल्ला होता. "मग जिंकायचं कसं?" नातू म्हणाला, आणि त्यानेच वहीच्या कागदाचा गोल कापून शंभराव्या घरात चिकटवला. चिरंजीवांचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो उचलून सौ.च्या पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि सतरंजीवर मांडी घातली.

चिंचोके पडत गेले. नातू गणितात नापास झाला, चिरंजीवांचा प्राणवायू संपला, आणि मी चंद्राच्या तोंडाशी पोहोचलो. हवे होते चार, पडले दोन. सोंगटी मोजत नेली. अठ्ठ्याण्णव. नातवाने वाकून माझं बारा वर्षांचं अक्षर मोठ्याने वाचलं, "वडील आले."

चिरंजीव पटाकडेच बघत होते.

"आले एकदाचे," ते म्हणाले.

मी चष्मा पुसला आणि मुकाट्याने सोंगटी उचलून चंद्रपूरला परत आलो. त्या रात्री चंद्रावर माझा नातू पहिला पोहोचला. मंगळावरच्या त्याच्या जनावराचा पंचनामा मात्र अजून व्हायचा आहे. दर रविवारी पुण्याहून त्याचा फोन येतो आणि मी त्याला सांगतो, प्रकरण विचाराधीन आहे.