पुण्याची सिंबायोसिस दुबईत

दुबईत मूल बारावीला गेलं की घरात एकच विषय: आता पुढे काय? पूर्वी उत्तर बहुधा ठरलेलं असे. मूल आजीकडे किंवा पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर जाई आणि आई विमानतळावरून परतून रिकामी खोली आवरत बसे. आता पर्याय वाढलेत. बिट्स पिलानी इथे २००० सालीच आली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या हस्ते आपल्या सिंबायोसिसच्या दुबई कॅम्पसचं उद्घाटन झालं. व्यवस्थापन, तंत्रज्ञान आणि माध्यमं हे तिथले मुख्य विषय.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी आणि त्यांच्या बारावीतल्या लेकीबरोबर मी तिकडे गेले. करामाहून मेट्रोने मरीनापर्यंत, तिथून ट्राम. सप्टेंबरचं ऊन मी म्हणत होतं, पण ट्रामचे थांबेसुद्धा बंदिस्त आणि गार. ‘नॉलेज व्हिलेज’ थांब्याला उतरलो. २००३ साली वसलेल्या या वसाहतीचं नाव आता दुबई नॉलेज पार्क आहे.

सेनापती बापट रोडवरची टेकडी डोळ्यांपुढे ठेवून जाल तर निराश व्हाल. इथे क्रमांक घातलेल्या इमारती आणि त्यांत शेजारी शेजारी नांदणाऱ्या शिक्षणसंस्था. आपल्याकडे आधी कॉलेज निघतं, मग नोकऱ्यांची शोधाशोध. इथे उलटं. २००० साली इंटरनेट सिटी उभी राहिली, पाठोपाठ मीडिया सिटी आणि मग त्यांच्या शेजारी शिक्षणाची वसाहत. म्हणजे इंटर्नशिपची कंपनी दोन थांब्यांवर असू शकते. ‘उद्योगाभिमुख शिक्षण’ या जड शब्दाचा अर्थ इथे पायी चालत समजतो.

मला मात्र सिंबायोसिसच्या जन्माची गोष्ट आठवत होती. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहातल्या एका खोलीच्या खिडकीतून काही देताना त्यांना दिसली. चौकशी केली तर आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परदेशी मुलांना पुण्यात आपलं कुणी असावं, या तळमळीतून १९७१ साली संस्था निघाली. नावही वनस्पतिशास्त्रातलंच: सहजीवन. परक्या मुलांना पुण्यात घर देणारी ही संस्था आता आपल्या मुलांना घर न सोडता शिकवायला परक्या देशात आली आहे.

वहिनी खूश होत्या. “रोज संध्याकाळी घरी येईल. व्हिसाचंही अडत नाही.” ते खरंच. अविवाहित मुलगी आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकते. मुलग्यांची वयोमर्यादाही ऑक्टोबर २०२२ पासून २५ झाली आहे.

परतीच्या ट्राममध्ये लेक हळूच म्हणाली, “काकू, मला पुण्याला जायचंय. मला पुणं फक्त जुलैतलं माहितीये. पाऊस, आजी आणि मामाकडची जेवणं. दिवाळी तर मी एकदाही पाहिली नाही तिथली.”

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोघींचंही बरोबर होतं. घरी राहणाऱ्या मुलीला गरम पोळी मिळेल, इथलीच ओळखपाळख नोकरीला उपयोगी पडेल. पण मेसच्या रांगेत उभं राहून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून, आजीच्या दुखण्यात धावपळ करून जे मराठी अंगात मुरतं, ते आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात मला कधीच शिकवता आलं नसतं. माहितीपत्रकात फी असते, अभ्यासक्रम असतो. हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा.

मी वहिनींना एवढंच सुचवलं, की निर्णयाआधी या दिवाळीला तिला चार दिवस आजीकडे धाडा. शाळा बुडाली तर बुडू दे. माजी शिक्षिका असूनही सांगते. अर्ज काय, दोन्हीकडचे भरता येतात. परवा वहिनींचा निरोप आला: तिकीट काढलंय, दोघींचं.