पाटीपाशी पोचेपर्यंत

१६ जून २०२५, सोमवार
काल दुपारी मावळातल्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या वर जखमी. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती, हे आज सगळ्या वर्तमानपत्रांत आहे. सकाळी दूध आणायला गेलो तर दुकानात एकच सूर : "लोकांना पाटी वाचता येत नव्हती का?"

येत होती की. पण 'पूल धोक्याचा आहे' आणि 'मी पुलावर उभा आहे' ही दोन वाक्यं एका डोक्यात सुखाने नांदत नाहीत. एकाला हटावं लागतं. दुसरं हटवायचं तर बायकापोरांना घेऊन माघारी फिरायचं. त्यापेक्षा पहिल्याला गप्प करणं स्वस्त पडतं : "एवढी माणसं उभी आहेत, पडायचा असता तर मागेच पडला असता." मानसशास्त्रात याला बोधनिक विसंवाद म्हणतात. आयुष्यभर वर्गात शिकवला. यंदाच्या पावसाळ्यात तो मावळात पाहायचं ठरवलं आहे.

१८ जून, बुधवार
आज देहूहून तुकोबांची पालखी निघाली. फोनवर मात्र सकाळपासून वेगळीच दिंडी : कुठल्याशा धरणाला तडे गेल्याचा निरोप निरनिराळ्या गटांतून फिरतो आहे. खाली ना नाव, ना तारीख.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसंवादाचा सिद्धांत १९५७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याला पहिला धागा मिळाला तो आपल्या देशातून. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या होत्या. जिथे जमीन हादरली पण पडझड झाली नाही, अशा भागात याहून भयंकर संकट येणार असल्याच्या वावड्या जोरात होत्या. आधीच घाबरलेला माणूस स्वतःला आणखी का घाबरवेल? फेस्टिंगरने उलगडा केला तो असा : भीती अंगात आधीच शिरली होती, डोळ्यांना मात्र काहीच मोडलेलं दिसत नव्हतं. त्या भीतीला शोभेल असं कारण हवं होतं, ते अफवेने पुरवलं. आमच्या फोनमधलं धरण त्याच कारखान्यात तयार झालेलं दिसतं.

२१ जून, शनिवार
योगदिन. लोणावळ्यात त्याचं अप्रूप थोडं कमीच, कारण इथे १९२४ पासून कैवल्यधाम आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं आणि योगक्रियांना क्ष-किरणांपुढे व दाबमापकापुढे उभं केलं. स्वतः साधक, गुरूवर निष्ठा. पण प्राणायामात शरीराला भरमसाट ऑक्सिजन मिळतो, ही लोकप्रिय समजूत मोजमापाला उतरेना, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि प्राणायामाचं मोल दुसरीकडे शोधलं.

विसंवाद त्यांनाही जाणवला असेल. फरक इतकाच की मोजायचं कसं हे आधी ठरलेलं होतं आणि उत्तर काहीही आलं तरी छापायचं, ही शिस्त होती. पळवाटा बंद असल्या की माणूस खरं स्वीकारतो. यात थोरपणाइतकाच व्यवस्थेचाही वाटा आहे.

२९ जून, रविवार
भुशीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. हे धरण रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं. आता त्याच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी शहराची मिळकत आहे. गेल्या वर्षी ३० जूनला, अशाच रविवारी, धरणामागच्या ओढ्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं आणि पाच जण वाहून गेले. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आज त्याच वाटेवर सेल्फीसाठी दाटी.

कणसं भाजणाऱ्या ओळखीच्या मावशींना विचारलं, लोक ऐकत का नाहीत? निखाऱ्यावर पुठ्ठा हलवत त्या म्हणाल्या, "सर, चार तास गाडीत उकडून आलेलं माणूस पाण्यात पाय बुडवल्याबिगर जातंय व्हय?"

एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ मध्ये नेमकं हेच दाखवलं. एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना चांगलंच ओशाळं करणारी चाचणी द्यावी लागली, काहींना सौम्य. ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. जिने जास्त सोसलं, तिला ती जास्त रंजक वाटली. घाटातली कोंडी, टोल, पार्किंगची भांडणं, खोलीचं भाडं ही आपल्या पर्यटकांची प्रवेशपरीक्षा. ती देऊन आलेल्याला 'आज पाण्यात उतरू नका' म्हणणं म्हणजे 'तुझा रविवार फुकट गेला' म्हणणं. तो ते मान्य करत नाही. धोकाच लहान करून टाकतो.

६ जुलै, रविवार
आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाताना आईने सांगितलेली अष्टग्रहीची गोष्ट आठवली. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत येणार, प्रलय होणार, म्हणून देशभर यज्ञ झाले. काही झालं नाही. आईकडचे थोरले म्हणाले, "यज्ञ केले म्हणून वाचलो." भाकीत खोटं ठरलं आणि श्रद्धा पक्की झाली. फेस्टिंगर व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत डिसेंबर १९५४ च्या महापुराची वाट पाहणाऱ्या एका पंथाविषयी हेच लिहिलं होतं. मात्र त्या मूठभर भक्तांमध्ये संशोधकांचीच माणसं मिसळलेली होती, हा आक्षेपही खोटा नाही.

१३ जुलै, रविवार
टायगर पॉइंटकडे पोलीस बंदोबस्त. संध्याकाळनंतर थांबायला मनाई, नाहीतर कारवाई. काठी दिसते तोवर कठड्याजवळ कोणी नाही. गाडी वळणाआड गेली की पोरं कठड्यावर.

जोनाथन फ्रीडमनचा १९६५ चा प्रयोग आठवला. मुलांना एका आकर्षक यंत्रमानवाशी खेळायला मनाई केली, काहींना जबर धाक घालून, काहींना नुसतं सौम्यपणे बजावून. तेव्हा दोन्ही गटांतली बहुतेक मुलं त्यापासून दूर राहिली. काही आठवड्यांनी धाक घालणारं कोणी नसताना मात्र धाकातली मुलं बरीच जास्त संख्येने त्या खेळण्याकडे धावली. धाकामुळे न खेळणाऱ्याला कारण बाहेर सापडतं. सौम्य शब्दावर थांबलेल्याला ते स्वतःत शोधावं लागतं : 'मलाच नको होतं.' आज जीव वाचवायला काठी हवीच. फक्त तिच्याने उद्याची सवय लागत नाही.

२० जुलै, रविवार
स्वतःच्या आवडत्या सिद्धांतालाही पाटी लावायला हवी. डॅरिल बेम यांनी १९६७ मध्येच म्हटलं होतं की मनात कसलीही तगमग नसते, माणूस स्वतःचं वागणं पाहून आपली मतं ताडतो. २०२४ मध्ये जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून विसंवादाचा एक गाजलेला प्रकार, स्वतःच्या मताविरुद्ध लिहायला लावण्याचा, पुन्हा करून पाहिला. लिहिणाऱ्यांचं मत लेखाकडे झुकलं, पण निवडीचं स्वातंत्र्य दिल्याने जो फरक पडायला हवा होता, तो दिसला नाही. म्हणजे यंत्र चालतं, पण कुठल्या कळीने, हे अजून वादात आहे. हे वाचल्यावर 'जुने प्रयोग काय खोटे होते?' असं मन लगेच कुरकुरलं. ती कुरकुरही याच विषयातली.

२४ जुलै, गुरुवार
दीप अमावस्या, म्हणजे बाजाराच्या भाषेत गटारी. मटणाच्या दुकानापुढे रांग, उद्यापासून श्रावण. शनिवार-रविवारी पुन्हा गाड्या येतील.

पाटी लावणाऱ्यांचाही विसंवाद असतो. 'जागा धोक्याची आहे' आणि 'जागा उघडीच आहे' या दोन वाक्यांत पाटी समेट घडवते. ती लावली की कर्तव्य झाल्यासारखं वाटतं. कुंडमळ्याला पुलाची तोंडं पक्की बंद करणं हाच उपाय होता. जिथे जागा बंद करता येत नाही, तिथे सूचना माणसाने वेळ, पैसा आणि हट्ट गुंतवण्याआधी मिळायला हवी. खोलीचं बुकिंग करताना, पुण्या-मुंबईहून निघताना, फार तर उर्से आणि खालापूरच्या टोलनाक्यावर : 'आज भुशी बंद. त्याऐवजी भाज्याची लेणी पाहा.' दुसरा पर्याय हाती असला की मत बदलायला लाज वाटत नाही.

आणखी एक. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी पोहून बाहेर आलेल्या विद्यार्थ्यांना आधी स्वतःची पाण्याची उधळपट्टी आठवायला लावली, मग 'अंघोळ आटोपशीर करा' अशा फलकावर सही मागितली. त्यांनी खरोखरच कमी वेळ शॉवर घेतला. आपल्या महाविद्यालयांनी पावसाळी सहलीआधी हेच करावं : मुलांनी मागच्या वर्षी केलेला वेडेपणा आठवावा आणि धाकट्या भावंडांसाठी सूचना स्वतः लिहावी, स्वतःच्या नावानिशी.

या शनिवारी मावळात येणार असाल, तर निघण्याआधी घरात सगळ्यांदेखत एक वाक्य बोला : "पाणी वाढलेलं दिसलं तर आपण न भिजता परत यायचं." ते घरीच बोला. ओढ्याच्या काठावर ते सुचत नाही.