कंसांतील बेटें

नकाशा वाचण्याची गोडी पुस्तक वाचण्याच्या गोडीहून थोडी निराळी आहे. पुस्तकांत लेखक आपला हात धरून नेतो. नकाशांत वाट दाखविणारा कोणी नसतो, डोळा जाईल तिकडे मन जातें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें. तरी रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी जें पुस्तक उघडतों तें पुष्कळदां कवितेचें नसून नकाशांचें असतें. मुदखेडसारख्या गांवीं राहणाऱ्या माणसाला त्यांतील निळीं पानें विशेष ओढ लावतात, याचें नवल वाटूं नये. आमच्याकडून कोणत्याहि दिशेला निघालें तरी समुद्र शेंकडों मैल दूर. पाणी म्हणून आम्हांस ठाऊक ती गोदावरी, आणि चैत्र-वैशाखांत तिचेंहि पात्र बरेंचसें वाळूचेंच.

पॅसिफिक महासागराचें पान उघडलें कीं एक गोष्ट डोळ्यांत भरते. तेथील कित्येक ठिपक्यांना दोन नांवें असतात. एक ठिपक्याचें स्वतःचें, आणि दुसरें त्यापुढें कंसांत. ग्वाम (अमेरिका). न्यू कॅलेडोनिया (फ्रान्स). पिटकेर्न (ब्रिटन). टोकेलाऊ (न्यूझीलंड). बेट एकीकडे, आणि कंसांतील देश तेथून हजार हजार मैल दूर. स्टीव्हन्सन या ग्रंथकाराचे अखेरचे दिवस सामोआ बेटांत गेले व 1894 सालीं तो तेथेंच वारला, हें सांगतांना मीं एकदां वर्गांत फळ्यावर तीं बेटें काढून दाखविलीं. 1899 सालीं जर्मनी व अमेरिका यांनीं तीं आपसांत वांटून घेतलीं. पश्चिमेकडचा भाग आज स्वतंत्र राष्ट्र आहे, पूर्वेकडचा अद्यापि अमेरिकेचा. एवढें ऐकल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, वांटून घेण्यापूर्वीं तिथल्या लोकांना कोणी विचारलं होतं का?" तास संपला, वर्ग पांगला, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला आणि अजून गेलेला नाहीं.

त्याचा विचार करावयास पॅसिफिकपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या जंक्शनावरून रात्रीची गाडी धरून जिथें नोकरीसाठीं, औषधोपचारासाठीं, नशीब काढण्यासाठीं आमच्या भागांतील माणसें जातात, ती मुंबई एके काळीं अशींच कंसांतील बेटें होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं तीं सात बेटें. मधून भरतीचें पाणी शिरे, ओहोटीला चिखल उरे. माड, भात, मीठ आणि मासळी एवढी तेथील संपत्ति. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभु, पांचकळशी आणि पुढें ख्रिस्ती झालेले शेतकरी, अशी वस्ति. 1534 सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्याबरोबर हीं बेटें पोर्तुगीजांना देऊन टाकलीं. त्यांनीं पुढें मुंबईचें बेट गार्सिया द ओर्ता नांवाच्या एका वैद्याला खंडानें दिलें. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरचा याचा ग्रंथ 1563 सालीं गोव्यांत छापला गेला. वैद्य विद्वान होता, आणि बेट त्याच्याकडे एखादी वाडी असावी तसें होतें.

यानंतरची कथा वाचकांनीं लहानपणीं ऐकलेली असेल; पण ती परक्या राजाराण्यांची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. 23 जून 1661 रोजीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला, आणि त्यांत आफ्रिकेंतील टँजियरबरोबर मुंबईहि आंदण म्हणून देण्यांत आली. आपल्याकडे लेक सासरीं निघाली म्हणजे तिच्यासंगें भांडीं देतात, ऐपत असेल तर दुभती गाय देतात. गायीला कोणी विचारीत नाहीं, आणि तीहि दाव्यामागें मुकाट्यानें जाते. येथें दाव्यामागें सात गांवें होतीं. घेणाऱ्यांचें अज्ञान तर असें कीं, मुंबई ब्राझिलच्या जवळपास कोठेंतरी असावी अशी लंडनमधील मुत्सद्द्यांची समजूत होती, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, ज्यांच्या नांवानें जमीन लिहून दिली जात होती त्यांना ती जमीन कधीं दिसली नव्हती हें निश्चित.

देणें जितकें सोपें तितकें घेणें सोपें झालें नाहीं. 1662 सालीं इंग्रजांचा ताफा आला, तेव्हां गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें बेट सोडण्याचें नाकारलें. मग सर अब्राहम शिपमन व त्याचे शिपाई कारवारसमोरील अंजदीव बेटावर जाऊन वाट पाहत बसले. तेथें तापानें व उपासमारीनें बहुतेक शिपाई मेले. 1664 सालीं शिपमनहि गेला. उरलेल्या मूठभर लोकांनिशीं हंफ्रे कुक यानें 1665 च्या फेब्रुवारींत मुंबईचा ताबा घेतला. इंग्रज मुंबईंत बसले त्या दिवशीं हिंदुस्थान हातचें गेलें समजावें, अशा अर्थाचें पत्र व्हाइसरॉयनें आपल्या राजाला लिहिलें होतें. आंदणांत एकच बेट होतें कीं सातहि, यावर पुढें कित्येक वर्षें वाद चालला. जातां जातां सांगावयास हवें कीं, अंजदीव पोर्तुगीजांकडेच राहिलें, आणि 1961 च्या डिसेंबरांत तें सोडवितांना आपल्या आरमाराच्या सात जवानांनीं तेथें प्राण दिले. त्या ओसाड खडकानें दोन देशांच्या शिपायांचें रक्त पाहिलें.

राजाला मुंबईचा खर्च जड वाटूं लागला. 27 मार्च 1668 च्या सनदेनें त्यानें ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली. खंड ठरला वर्षाकाठीं दहा पौंड, तोहि सोन्याच्या रूपानें. त्या सनदेंत एक कलम असें आहे कीं, हें बेट इंग्लंडमधील केंट परगण्याच्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीपैकीं आहे असें समजून धारण करावें. इंग्रजी कायद्याच्या भाषेंत तो नित्याचा मजकूर असेल. पण वरळीच्या कोळ्याची होडी ज्या वाळूवर ओढलेली होती ती वाळू कागदोपत्रीं केंट परगण्यांतील होऊन बसली, आणि कोळ्याला त्याचा पत्ताहि नव्हता, हें वाचतांना हंसावें कीं काय करावें तें समजत नाहीं.

या सर्व कथेंत "लोकांना विचारलें" असें ज्याविषयीं थोडेंफार म्हणतां येईल असा एक प्रसंग मला आढळतो. 1669 ते 1677 या काळांत जेरल्ड आँजिये हा कंपनीचा गव्हर्नर होता. त्यानें 1672 सालीं न्यायालय स्थापिलें, निरनिराळ्या जातीजमातींना आपापल्या पंचायती बाळगण्यास उत्तेजन दिलें, आणि जमिनीच्या मालकीचे तंटे मिटविण्यासाठीं बेटांतील जमीनदारांशीं एक करार केला. 1674 सालीं तो कायम झाला. झेराफिन नांवाचीं 20,000 नाणीं दरसाल द्यावयाचीं आणि कंपनीनें जमिनींवरील आपला दावा सोडावयाचा, असें त्याचें स्वरूप. विचारलें तें जमीनदारांना. ताडी काढणाऱ्याला किंवा जाळें टाकणाऱ्याला नव्हे. तरीहि समोर बसवून बोलणें झालें, हें त्या काळीं कमी नाहीं. पुढें 1683 सालीं कॅप्टन किग्विन यानें कंपनीविरुद्ध बंड करून सुमारें वर्षभर राजाच्या नांवानें कारभार केला. पण तें भांडण मक्तेदार आणि मालक यांमधलें होतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मुदखेडच्या माणसाला मुंबईचें एवढें काय पडलें आहे? त्याचें उत्तर माझ्या घरांतच आहे. माझें आजोळ पैनगंगेच्या पलीकडे, उमरखेडच्या बाजूला. नदीच्या अलीकडे निझामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड. आजी माहेरीं निघाली कीं हाली रुपये मोडून कलदार रुपये बांधून घेई, असें ती सांगत असे. हीं दोन राज्यें झालीं कशीं? कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायीं निझामाला कर्ज झालें, आणि 1853 च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इतका मुलूख इंग्रजांकडे लावून देण्यांत आला. 1860 सालीं धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड राहिला. 1902 सालीं लॉर्ड कर्झननें तो वार्षिक 25 लाख रुपयांच्या खंडानें कायमच्या पट्ट्यावर घेतला. मुंबईला दहा पौंड, वऱ्हाडला पंचवीस लाख. भाव वाढला, रीत तीच. समुद्र नसला म्हणजे बेट होत नाहीं असें थोडेंच आहे? मोगलाईंतलीं आमचीं खेडींहि एका मोठ्या कंसांतच होतीं. त्याच 1853 सालीं फ्रान्सनें पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनियावर आपला झेंडा लावला, हा निव्वळ योगायोग. पण नकाशासमोर बसलें कीं दोन्ही सालें एकमेकांकडे बोट दाखवितात.

1948 च्या सप्टेंबरांत निझामाची सत्ता संपली. आमच्या आजोबांना राज्यकारभाराविषयीं कोणीतरी पहिल्यानें विचारलें तें 1952 च्या निवडणुकींत. त्या दिवशीं ते स्नान करून, धुतलेलें धोतर नेसून मत द्यावयास गेले, आणि परत आल्यावर देवापुढें बसले, असें वडील सांगत. मत कोणाला दिलें हें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं. "इचारलं, हेच लई झालं," एवढेंच ते म्हणत. पुढें 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि 1960 सालीं महाराष्ट्रांत. मधल्या काळांत मुंबईवर मात्र पुन्हां कंस येण्याची वेळ आली होती. 1956 च्या जानेवारींत ती केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, आणि तो बेत मोडून निघेपर्यंत शंभरावर माणसांचे प्राण गेले. 1661 सालीं जें बेट मुकाट्यानें हस्तांतरित झालें, त्यानें तीनशें वर्षांच्या आंत बोलावयास शिकावें, ही गोष्ट मला मुंबईच्या गोद्यांहून आणि गिरण्यांहून मोठी वाटते.

मात्र कंस म्हणजे बेडीच, असा सरसकट निकाल देण्यास माझें मन घेत नाहीं. टोकेलाऊ हीं तीन लहान कंकणाकृति प्रवाळबेटें. मिळून वस्ति दीड-दोन हजारांची. विमान उतरावयास जागा नाहीं. सामोआहून जहाजानें एक दिवसाहून अधिक प्रवास. प्रत्येक गांवाचा कारभार वडीलधाऱ्यांची सभा पाहते, आणि तिन्ही बेटांचें प्रमुखपद पाळीपाळीनें फिरतें. 2006 आणि 2007 सालीं या लोकांना स्वराज्याविषयीं दोनदां मत विचारण्यांत आलें. बहुमत अनुकूल पडलें, पण ठरलेले दोन-तृतीयांश भरले नाहींत. दुसऱ्या खेपेस 64 टक्क्यांवर अडलें. म्हणून तीं अद्यापि न्यूझीलंडकडे आहेत. या कंसावर तेथील माणसांचा स्वतःचा हात फिरलेला आहे, आणि त्यामुळें तो मला टोंचत नाहीं. ग्वामची स्थिति याहून चमत्कारिक. 1898 च्या तहानें तें स्पेनकडून अमेरिकेकडे गेलें. 1950 पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांचीं मुलें तिच्या सैन्यांत जातात, परंतु राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत त्या बेटावरून मत देतां येत नाहीं.

आणि न्यू कॅलेडोनियाचा धडा सर्वांत कठीण. तेथें 2018, 2020 व 2021 अशीं तीन वेळां सार्वमतें झालीं आणि तिन्ही वेळां कौल फ्रान्सकडे राहण्याचा पडला. पण तिसऱ्या वेळीं तेथील मूळच्या कनक लोकांपैकीं बहुतेकांनीं बहिष्कार घातला. 2024 सालीं मतदारांच्या यादीचा नियम बदलण्याचें निघालें, तेव्हां दंगली उसळून माणसें मेलीं. विचारणें पुरेसें नसतें. कोणाला विचारावयाचें, हा प्रश्न त्याच्याहि आधीं येतो. आँजियेनें जमीनदारांना बोलावलें व कोळ्याला वगळलें, तोच पेंच साडेतीनशें वर्षांनीं हजारों मैलांवर पुन्हां उभा राहिला आहे.

त्या मुलीला आज उत्तर द्यावयाचें तर मी असें देईन. बहुतेक बेटांना प्रथम कोणी विचारलें नव्हतें. मुंबईलाहि नाहीं, वऱ्हाडलाहि नाहीं. पण एकदां झालेलें हस्तांतर म्हणजे कायमचा निकाल नव्हे. ईस्ट ग्रीनिचची ती जहागीर आज कोणाच्या ध्यानींमनींहि नाहीं. वरळीच्या किनाऱ्यावर होड्या मात्र अजून लागतात. सनदा लिहिणारे गेले, आणि ज्यांचा सनदेंत नांवानिशीं उल्लेखहि नव्हता ते उरले. म्हणून नकाशा पाहतांना आपल्या मुलांना एवढी संवय लावावी कीं, कंसांतील नांव वाचून पुढें सरकूं नये; ठिपक्यावर क्षणभर थांबावें, आणि तेथें राहतें कोण व त्यांना शेवटचें विचारलें कधीं, एवढें तरी मनाशीं म्हणावें.