झडीत सायकल : लातूर ते नांदेड

मराठवाड्यात पावसाला नावं ठेवायची नसतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. सुमारे साडेतीनशे किलोमीटर आगगाडीत बसून पाणी आलं! म्हणून आपल्याकडे आभाळ भरून आलं की मोठी माणसं आधी हात जोडतात आणि मग छत्री शोधतात.

पण सायकलने शाळेत जाणाऱ्यांचं काय? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. उन्हाळ्यात, हिवाळ्यात त्या टुणटुणीत पळतात. झड लागली की मात्र वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. कुणाची वही भिजलेली, कुणाला ताप, कुणाची सायकल चिखलात रुतलेली. पावसात सायकल चालवणं हे एक शास्त्र आहे, आणि ते शिकायला लांबची वाट धरावी. मी ही वाट पावसाळ्यात दोनदा केली आहे. चला तर, लातूरहून नांदेडला जाऊ या. वाटेत चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा. अंतर १४० किलोमीटरच्या आसपास. दोन दिवसांची रपेट, मुक्काम अहमदपूरला.

'लातूरहूनच का? नांदेडहून का नाही?' असं तुम्ही विचाराल. नकाशा उघडा. लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला आहे, आणि आपला मोसमी वाराही नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. नांदेडहून निघालात तर वारा छातीवर आणि पावसाचे थेंब डोळ्यांत. शिवाय लातूर बालाघाटच्या पठारावर, तर नांदेड गोदावरीच्या काठी, दीडशे मीटरहून अधिक खाली. म्हणजे लातूरहून निघालं की वारा पाठीवर आणि एकूण उतार! पावसात कोरडं राहण्याचा पहिला उपाय दुकानात नाही, नकाशात आहे. तुमची शाळा गावाच्या कुठल्या दिशेला आहे, ते याच नजरेने पाहून ठेवा. जाताना वारा तोंडावर येत असेल तर दहा मिनिटं लवकर निघायला हवं.

आता कधी निघायचं? आपल्या आजी-आजोबांचं पावसाचं कॅलेंडर नक्षत्रांचं. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, त्याला म्हणतात 'तरणा पाऊस'. मग पुष्य, तो 'म्हातारा'. मघांचा पाऊस सासूचा आणि पूर्वांचा सुनांचा! ही नुसती गंमत नाही. मृगाच्या सुरुवातीला आणि पुढे परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडतात, विजा पडतात. जुलै-ऑगस्टची झड त्या मानाने शांत, दोन-दोन दिवस भुरभुर चालू. सायकलला झड बरी, वळीव नको. आपण तरण्या-म्हाताऱ्याच्या दिवसांत निघू.

सकाळी सात. गंजगोलाई. गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला आपला शोधायचा. निघण्याआधी सामान बांधू. सगळं कोरडं ठेवायचा हट्ट धरू नका, तो कधीच पुरा होत नाही. फक्त दोन गोष्टी कोरड्या राहिल्याच पाहिजेत : वह्या-पुस्तकं आणि बदलायचा एक जोड कपडे. बाकी भिजलं तर भिजू द्या. प्लॅस्टिकची पिशवी दप्तरावर चढवली तर पट्ट्यांकडून पाणी आत शिरतं. म्हणून पिशवी दप्तराच्या आत घाला, पुस्तकं तिच्यात ठेवा, तोंड पिळून दुमडा आणि वर रबर लावा. खताच्या पोत्यातलं अस्तर या कामाला फार छान, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून घ्या.

अंगावर काय घालायचं? छत्री तर मुळीच नको. एका हाताने छत्री आणि एका हाताने हँडल धरलं, की वाऱ्याचा एक झोत पुरतो. रेनकोट? घालून चाकूरपर्यंत चला. पाऊस थांबला म्हणून बटणं उघडता, तर आतला सदरा ओलाचिंब! रेनकोट गळका होता का? नाही. तो तुमचाच घाम. घरी एक प्रयोग करा. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मनगटाशी सैलसा दोरा बांधा आणि दहा मिनिटं अंगणात पळा. पिशवी आतून घामेजलेली दिसेल. प्लॅस्टिक बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेरही जाऊ देत नाही.

हे दुखणं जुनं आहे. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून न भिजणारं कापड केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. पाऊस अडला, पण घामही अडला. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना एक विशिष्ट प्लॅस्टिक झटक्यात ताणलं तर त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात, असं आढळलं. ती पाण्याच्या थेंबापेक्षा फारच लहान आणि वाफेच्या कणापेक्षा मोठी. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. असे कोट मिळतात, पण महाग. आपल्याला खालून मोकळी असलेली सैल टोपरी बरी. ती हँडलवरून पुढे ओढून घेतली की मांड्याही झाकतात आणि खालून हवा खेळते. फक्त तिचं टोक चाकात जाणार नाही, एवढं बघा.

चाकूर मागे पडलं. चढ आला तर टोपरी काढून कॅरिअरला अडकवा आणि खुशाल भिजा. चढावर अंग तापलेलं असतं, पाऊस बरा वाटतो. उतारावर किंवा थांबल्यावर मात्र लगेच अंगावर घ्या. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओला सुती सदरा अंगाला चिकटतो आणि वारा लागला की हुडहुडी भरते. शिवारात मेंढ्यांमागे धनगरमामा दिसले तर त्यांच्या खांद्यावर बघा : घोंगडी! लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेते, तरी फारशी ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकलेली राहते. म्हणून ती भिजली तरी ऊब देते. सायकलवर घोंगडी जड होईल. पण जुना पातळ लोकरी स्वेटर दप्तरात असू द्या.

शिरूर ताजबंदला उदगीरचा फाटा फुटतो. इथे थांबून चहा घ्या आणि ब्रेक बघा. आपल्या साध्या सायकलीची रिम लोखंडी, चकचकीत. ती ओली झाली की ब्रेकचे रबर नुसतेच घसरतात आणि सायकल नेहमीपेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबते. म्हणून उतारावर आधीपासून ब्रेक हलके दाबत राहा. रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मग ब्रेक लागतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे असतात, आणि पाण्याने भरलेला खड्डा बशीएवढा आहे की हौदाएवढा, ते वरून कळत नाही. दोन्ही टाळा.

अहमदपूरला मुक्काम. पोचल्याबरोबर आधी कपडे बदला, गप्पा मग. पायांच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून खोबरेल लावा, नाहीतर चिखल्या होतात. ओल्या बुटांपेक्षा पावसात पट्ट्यांची सँडल चांगली. त्यानंतर सायकल : चेन फडक्याने पुसून दाट तेलाचे थेंब सोडा, सीटवर पिशवी बांधून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मन्याडचं खोरं लागतं. इथे काळ्या मातीची ओळख होईल. डांबरावर ती काही करत नाही. पण एखाद्या वस्तीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर वळा, म्हणजे पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबेल. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते आणि मडगार्डच्या आत गच्च बसते. जोर लावू नका. कडेच्या हरळीवरून सायकल हातात धरून चाला, आणि माती काढायला एक चपटी काडी जवळ ठेवा. मात्र मडगार्ड काढून फेकू नका. त्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा पट्टा बांधलात तर मागून येणाऱ्या मैत्रिणीचं तोंड चिखलाने माखणार नाही.

याच भागात ओढे-नाले फार. आता जे सांगतो ते पुन्हा वाचा. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. घोट्याच्या थोडं वर, पण जोरात वाहणारं पाणी मोठ्या माणसाचाही पाय उचलतं. सायकलची चाकं तर लगेच आडवी होतात. पाणी गढूळ असतं, खालची फरशी वाहून गेली तरी दिसत नाही. सोबतचे गेले म्हणून आपण जायचं नाही. एक दिवस गैरहजेरी लागली तरी चालेल. कुठलेही गुरुजी, कुठल्याही बाई त्यासाठी रागावणार नाहीत. आणि रागावल्या तर त्यांना हा अंक दाखवा.

विजेचंही तसंच. वीज चमकली की आकडे मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. सायकल सोडून पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. इमारत नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं अ‍ॅप केलं आहे. मोठ्यांच्या मोबाइलवर ते घालून घ्या. जवळ वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं.

माळेगाव आलं. पौषाच्या आधी इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार असतो. आत्ता माळ हिरवागार आणि मोकळा. मग लोहा, सोनखेड. विष्णुपुरीला विद्यापीठाच्या इमारती दिसल्या की नांदेड आलंच. गोदावरी दोन्ही काठ भरून चाललेली असेल. सचखंड गुरुद्वाऱ्यात हातपाय धुऊन, डोकं झाकून लंगरमध्ये बसा. गरम डाळ आणि रोटी समोर येईल. तोवर दप्तरातला कोरडा सदरा अंगावर आलेला असेल.

एक काम तुमच्याकडे. सायकली आणि रेनकोट नव्हते तेव्हाही माणसं झडीत शेतात जात, बाजार करत. गोणपाटाच्या पोत्याचं घोंगतं डोक्यावरून कसं घेत, ते आजोबांना विचारा आणि एकदा घेऊन बघा. पाठ झाकते, डोकं झाकतं, हात मोकळे राहतात आणि घामही कोंडत नाही.