न बोलणारी गाडी

विजेवर चालणाऱ्या गाडीचं नवल विरारकडच्या बायकांना कुणी सांगू नये. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची लोकल सुरू झाली आणि १९३६ साली ती विरारपर्यंत आली. म्हणजे आपल्या आजेसासूबाईंच्या काळापासून आपण विजेवरच दादर-चर्चगेट करत आलोय. हातात पिशवी, कडेवर मूल आणि दाराशी उभं राहायला जेमतेम पाऊलभर जागा! त्या गाडीला धूर नाही, की पेट्रोल भरायला ती कधी थांबली नाही. मग घरची गाडी विजेवरची घ्यायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा का यावा?

कारण सांगते. मैत्रिणींनो, मी पेट्रोलवेडी बाई आहे.

माझं माहेर नाशिकरोडचं. वडिलांकडे फियाट होती. कागदोपत्री तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्या पिढीनं तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. रविवारी सकाळी अण्णा बॉनेट उघडून बसायचे आणि पाना, पक्कड, फडकं हातात द्यायला मी शेजारी उभी. १९८८ साली, अठराव्या वर्षी, मी त्याच गाडीवर शिकले. गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागूनच. थंडीत चोक ओढायचा, इंजिन जरा तापलं की तो हळूहळू आत सारायचा. घाई केली की गाडी रुसलीच! प्लगला काजळी धरली, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला, टॅपेट वाजायला लागले, हे मला कानानं कळायचं. तुम्हाला नाही का फोडणीच्या आवाजावरून तेल किती तापलंय ते कळत? अगदी तसंच.

कसाऱ्याचा घाट चढताना फियाट हमखास तापायची. अण्णा पाण्याचा डबा बरोबर ठेवायचे. कडेला थांबायचं, बॉनेट उघडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग पाणी घालायचं. तोवर आईनं पोळी-भाजीचा डबा उघडलेला असे. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी त्या थांब्यावर ठरल्या. माझं अर्नाळ्याचं स्थळसुद्धा!

२००९ साली अण्णा गेले आणि फियाट माझ्याकडे आली. आमच्या वाडीत, केळींच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती अजून उभी आहे. मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, त्या दिवशी टीव्हीसमोर मी डोळे पुसले. आमचे हे म्हणाले, “अगं, आपली आहे ना शेडमध्ये!”

आता या प्रेमाची दुसरी बाजू सांगते. ती तुमच्यापैकी पुष्कळजणींना ओळखीची वाटेल. गाडी माझी, किल्ली माझ्या कनवटीला, पण पेट्रोल ह्यांच्या पगारातलं. आमचे हे काही चिक्कू नव्हेत. पण फियाट आमच्या रस्त्यांवर लिटरला अकरा-बारा किलोमीटर चालायची. वसईला नणंदेकडे जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे चार लिटर. आजच्या भावानं चारशे रुपयांच्या वर. त्यामुळे किल्ली उचलली की “कुठं निघालीस?” हा प्रश्न यायचाच. तो संशय नसायचा हो, हिशेब असायचा. सासूबाईंचे डोळे तपासायचेत, मुलाची परीक्षा आहे, लग्नाचा आहेर घ्यायचाय, असं काहीतरी कारण हाताशी लागायचं. मला गाडी चालवायला आवडते, म्हणून जरा जाऊन येते, हे काही कारण होऊ शकत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदाही तसं म्हटलं नाही.

गंमत बघा, पेट्रोलच्या गाडीनं पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईनंच, आणि तोही माहेरी जायचं कारण काढून! बर्था बेंझ तिचं नाव. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीत, तिनं नवऱ्याला न सांगता त्याची गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला आईकडे गेली. शंभरावर किलोमीटर! वाटेत इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून डागांवर वापरायचा द्रव विकत घेऊन टाकीत ओतला. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती मोकळी केली. नवऱ्याचं यंत्र खरोखर उपयोगाचं आहे, हे जगाला कळलं ते तिच्या त्या माहेरवारीनं.

आणि विजेची गाडी? तीही नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ती बायकांची गाडी म्हणून खपवत. पेट्रोलची गाडी समोर दांडा घालून जोरानं फिरवून चालू करावी लागे, मनगट मोडायची भीती. विजेच्या गाडीला तसलं काही नाही. मोटारींचा राजा हेन्री फोर्ड, पण त्याची बायको क्लारा विजेची गाडी चालवायची! पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बटनाचा स्टार्टर आला, दांड्याची कटकट गेली, पेट्रोल स्वस्त होतंच. विजेची गाडी मागे पडली ती पुढची कित्येक दशकं.

म्हणून २०२३ च्या दिवाळीला ह्यांनी विजेची छोटी गाडी घ्यायचं काढलं, तेव्हा मला राग आला. “तुला सोपी पडेल,” असं हे म्हणाले ना, तोच शब्द झोंबला. सोपी गाडी हवी असं मी कधी म्हटलं होतं? पण सासूबाईंचा दमा वाढला होता आणि फियाट सुरू केली की शेडमधला धूर थेट त्यांच्या खिडकीत. त्यापुढे मी बोलले नाही. हिरव्या नंबरप्लेटची गाडी अंगणात आली.

पहिले पंधरा दिवस मला करमेना. गाडी चालू आहे की बंद, हे कळायला समोरचा दिवा पाहावा लागे. गिअर नाही, क्लच नाही. डावा पाय नुसता बसून! पिकअप मात्र असा, की आगाशीच्या वळणानंतर मी नकळत “अगंबाई!” म्हटलं. पण तिला आवाज नाही. कुठे दुखतंय ते सांगत नाही, खूश आहे तेही सांगत नाही. आणि पहाटे बंदराकडे निघालेल्या बायकांनाही ती ऐकू येत नाही. म्हणून गल्लीबोळांत मी माणसाच्या चालीनंच गाडी नेते, तुम्हीही न्या.

हळूहळू एक लक्षात आलं. ही गाडी मेकॅनिकच्या कानानं नाही, गृहिणीच्या डोक्यानं चालवायची असते. रात्री दुधाला विरजण लावतो, कडधान्य भिजत घालतो, तसं गाडीला रात्री लावायचं. आमच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. पण रिकामी होऊ देतो कोण? डब्यातलं पीठ तळाला जायच्या आधी आपण दळण टाकतोच ना! विरारला दोन फेऱ्या झाल्या की रात्री चार-दोन तास पुरतात.

ज्या घेणार असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. प्लगसाठी मीटरपासून स्वतंत्र, जाड तांब्याची वायर ओढून घ्या. मिक्सरच्या प्लगला एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी भरू नका. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे खाऱ्या हवेनं पत्रे गंजतात, तशी अर्थिंगची पट्टीही गंजते. दर पावसाळ्याआधी बघावी. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो कमी असेल तर वाढवून घ्या. आणि महिन्याला तीनशे युनिटांच्या पुढे गेलात की महावितरणचा घरगुती दर चढतो, हे विसरू नका. गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. २०२४ च्या नियमदुरुस्तीत तशी सोय झाली आहे. तुमचं बिल आधीच मोठं असेल तर चौकशी जरूर करा.

पावसाळ्यात मी बॅटरी कधी निम्म्याखाली जाऊ देत नाही. जुलै २०१८ आठवतो ना? वसई-विरार पाण्यात, लोकल बंद, कित्येक भागांत वीज नाही. तसल्या दिवशी अंगणातली गाडी भरलेली असावी. आणि रस्त्यावर पाणी असेल तर ती अंगणातच असावी!

लांबच्या प्रवासाचं विचारतात सगळ्या. कंपनी सांगते त्यातून पाव भाग वजा करा, मग फसगत होत नाही. आमच्याकडे मीटरवरचं एक युनिट म्हणजे साधारण साडेसात किलोमीटर. नाशिकला मी दोनदा नेली. कसाऱ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात. नेहमीपेक्षा दोन-तीन युनिटं जास्तच जातात. परत येताना मात्र मजा! उतारावर मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत घालते. आपल्या नव्या लोकलही ब्रेक लावताना अशीच वीज तारेला परत देतात. गेल्याइतकी सगळी नाही हं परत येत, त्यातला काही भाग येतो. पहिल्या खेपेला वाटेतलं एक चार्जिंगचं ठिकाण बंद निघालं आणि दुसरं गाठेपर्यंत एसी बंद करून घाम पुसत जावं लागलं. तेव्हापासून निघताना एकाऐवजी दोन ठिकाणं हेरून ठेवते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून राज्य सरकारनं विजेच्या गाड्यांना त्या रस्त्यावर टोल माफ केला. पण मी अजून घाटानंच जाते. अण्णा थांबायचे तिथे थांबते. बॉनेट उघडावं लागत नाही, डबा तेवढा उघडते.

आता मुद्द्याचं सांगते. वसईच्या फेरीला या गाडीला सहा युनिटं लागतात. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट अकरा रुपयांच्या घरात पडतं. म्हणजे सहासष्ट रुपये. सहासष्ट रुपयांसाठी कोण विचारणार, कुठं निघालीस म्हणून? शिवाय ते पेट्रोलपंपावर रोख मोजायचे नसतात. फ्रीज, पंखे, मिक्सर यांच्या बिलात मिसळून जातात, आणि ते बिल आमच्याकडे पहिल्यापासून मीच भरते.

गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी, सासूबाई झोपल्या होत्या, जेवणाची भांडी आवरली होती, मी किल्ली उचलली. आगाशी, नंदाखाल करत निर्मळच्या तलावाशी गेले. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं, काही घ्यायचं नव्हतं. अर्धा तास पाण्याकडे बघत बसले आणि परत आले. चहाच्या वेळेला ह्यांचा फोन आला. मी सांगितलं, निर्मळला जाऊन आले. “का?” नाही, “बरं झालं” म्हणाले. मी चहा गाळत होते. हात क्षणभर थांबला. ज्या गाडीवर माझा जीव, तिनं मला इतक्या वर्षांत एकदाही विनाकारण बाहेर नेलं नव्हतं. आणि जिच्यावर तसा जीव बसलेला नाही, ती मुकाट्यानं घेऊन गेली.

म्हणून मी पेट्रोल सोडलं का? छे! शूटिंगसाठी जुन्या गाड्या घेणारे एक गृहस्थ फियाटला चांगली किंमत देत होते. मुलगा म्हणाला, “आई, देऊन टाक, जागा मोकळी होईल.” मी नाही म्हटलं. दर पाच वर्षांनी तिचं पासिंग करायचं, वर पर्यावरण कर. खर्चाचीच गोष्ट आहे. पण वीज आणि पेट्रोल यांच्यातला फरक मी दर महिन्याला बाजूला काढते, आणि त्यातून फियाटचं पेट्रोल येतं. महिन्यातून एका रविवारी तिला ढकलत फाटकाबाहेर, सासूबाईंच्या खिडकीपासून लांब नेतो, आणि मग मी चोक ओढते. पहिल्या खोकल्यानंतर ती अशी काही गुरगुरते! बंदराकडून मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांचा आवाज येत असतो, त्यात तिचा मिसळतो. आमचे हे तेवढ्यापुरते बाजूच्या सीटवर बसतात आणि कुठं जायचं ते विचारत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात गाडीची बोलणी निघतील तेव्हा रंग, किंमत, किती किलोमीटर जाते हे सगळं विचाराच. पण गाडी विजेची असो की पेट्रोलची, आधी चालवायला शिका. आणि आणखी एक गोष्ट घरातल्या घरात ठरवून घ्या: तिचा खर्च कुठल्या वहीत लिहायचा? आमच्याकडे तो आता दूध आणि गॅस यांच्या खालच्या ओळीत असतो. फियाटचा त्याच्याखाली. दोन्ही माझ्याच अक्षरात.