सिस्टरच्या हातची चिठ्ठी

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात डॉक्टरची चिठ्ठी नंतरची. ‘सिस्टर, काय घेऊ?’ हा प्रश्न आधी येतो. तरीही औषधं लिहून देण्याचा अधिकार घेणार का, असं विचारलं की आम्ही परिचारिका बिचकतो. ज्ञान कमी म्हणून, असं म्हणणं सोपं. पण कामाकडे पाहिलं की ते पटत नाही. झटके येणाऱ्या गरोदर बाईला रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, देण्याची मुभा एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या सहाय्यक परिचारिकेला, केव्हाच मिळाली आहे. हा डोस देणारा हात बीपीची गोळी लिहायला कचरतो, तो गोळीला भिऊन नव्हे. डोस देताना सरकारी मार्गदर्शक सूचना पाठीशी असते. चिठ्ठीवर सही केली की आपण एकट्या पडू, ही धास्ती असते.

2018 पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांत नर्सिंग शिकलेलेही आहेत. पण बीपीचं औषध सुरू करायचं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, पुढच्या गोळ्या द्यायच्या उपकेंद्राने. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 ने डॉक्टर नसलेल्या अशा आरोग्यसेवकांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद केली: प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, त्यापलीकडे देखरेखीखालीच. अर्धवट ज्ञानाने रुग्ण दगावतील, बोगस डॉक्टरांना वाट मिळेल, असं म्हणत डॉक्टरांच्या संघटनेने संप केला. आक्षेप पोकळ नाही. मात्र गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना शिकवून आजारी नवजातांना जेंटामायसिनची इंजेक्शनं द्यायला लावली, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूदर सुमारे 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. श्रेय एकट्या इंजेक्शनचं नव्हे. घरभेटी, नोंदी आणि कडक देखरेख यांचंही. म्हणजे धोका पदवी लहान असण्यात कमी, आणि मोकाट सोडण्यात जास्त.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो: रजिस्टरं भरता भरता दिवस संपतो, त्यात ही भर, पगार मात्र तोच. याला आळस म्हणू नये. इंग्लंडमध्ये 2006 पासून परिचारिका आपल्या कुवतीच्या कक्षेत जवळपास सगळी औषधं लिहू शकतात, पण त्याआधी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंदणी लागते. आपल्याकडेही छोटी औषधयादी, काय द्यायचं नाही याची त्याहून स्पष्ट यादी, फोनवर हमखास सापडणारे डॉक्टर आणि सहीला कायद्याचं संरक्षण एवढं आधी हवं. नुसता परवाना हाती दिला, तर शहाणी सिस्टर पेन उचलणार नाही. आणि तिने उचलूही नये.