आईसाठी बांधलेलं घर

वारसा म्हटलं की आपण मुलांना किल्ले, वाडे दाखवतो. मी मात्र वर्गात सिडनीच्या वरूंगा उपनगरातलं एक घर सांगते. नाझींमुळे हॅरी सायडलरच्या कुटुंबाला व्हिएन्ना सोडावं लागलं. पुढे वास्तुविशारद झालेल्या हॅरीने १९४८ ते १९५० या काळात आईवडिलांसाठी हे घर बांधलं. सपाट छप्पर, मोठमोठ्या काचा, मधल्या गच्चीत त्याने स्वतः रंगवलेलं भित्तिचित्र! १९५१ मध्ये घराला सुलमान पुरस्कार मिळाला. आज ते वारसा यादीत आहे, संग्रहालय आहे. नाव मात्र आईचं: रोझ सायडलर हाऊस.

माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं आहेत. ‘माझे घर’ निबंधाला ती अडतात. त्यांना मी विचारते, ‘तू घर बांधलंस तर कुणासाठी बांधशील?’ मग पेन्सिल चालू लागते.